त्याच दिवशीचा हार

सावलीच्या बसस्टँडसमोर वामनरावाचं फुलांचं दुकान होतं. दुकान म्हणायला चार बल्ल्या, वर ताडपत्री अन् खाली पाण्यानं भरलेली एक नांद. पण माणसाची ऐट पाहावी तर जिल्ह्याच्या गावी, चांद्याच्या बाजारात पेढी टाकून बसल्यासारखी. सकाळची पहिली एस.टी. चांद्याहून आली, की कंडक्टर ओल्या पोत्यात गुंडाळलेली टोपली खाली देई. झेंडू, शेवंती, गुलाब, जे काय रात्री नागपूरहून चांद्याला उतरलं असेल ते. "सकाळी सांगा, दुपारी हार दारात," हे वामनरावाचं पालुपद होतं, आणि ते खोटं नव्हतं. तालुक्यातल्या कुठल्याही खेड्यात लग्न असो, बारसं असो, बदली झालेल्या साहेबाचा सत्कार असो की मयत. सांगावा आला, की त्याच दिवशी ताजा हार घरपोच जाई. वामनराव शिळं फूल देत नाही, अशी त्याची ख्याती होती.

ख्याती वामनरावाची, घाम लटारूचा. लटारू रामटेके मूळचा आरमोरीकडचा. बायको बायनाबाईला घेऊन पोटामागं सावलीत आलेला. उंच, काटकुळा माणूस. जुन्या सायकलीच्या कॅरिअरला टोपली बांधून उन्हातान्हात तालुका पालथा घालायचा. आणि हार गुंफायची ती बायनाबाई. वामनरावाच्या बायकोची बोटं वातानं आखडली, तेव्हापासून ताडपत्रीमागच्या आडोशाला बसून सगळे हार बायनाच करी. तोंडानं फटकळ बाई, पण फुलाला धरायची ते तान्ह्या पोराचं बोट धरावं तसं. तिच्या हारातलं फूल चैत्राच्या उन्हातही लवकर मान टाकत नसे.

मेख अशी, की लटारू आणि बायना बौद्ध. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेल्या घरांतली. आणि हार चढायचे ते कुणाच्या सत्यनारायणाला, कुणाच्या नवरदेवाला. सावलीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तेरी भी चुप, मेरी भी चुप. गावातल्या गावात हार द्यायला वामनराव स्वतः जाई, कपाळाला गंध लावून. आणि लटारूला धाडी बाहेरच्या खेड्यांत, जिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यानं बजावून ठेवलं होतं. हार द्यायचा, रामराम म्हणायचं, निघायचं. कुणी कोण-कुठला विचारलं, तर वामनरावच्या दुकानाचा म्हणून सांगायचं. वामनराव माळी, ऐकणारा पुढचं आपल्या मनानंच समजून घेई.

पोटाला जात नसते म्हणतात. साफ खोटं आहे ते. पण भुकेल्या माणसाला ते खरं धरूनच चालावं लागतं. लटारू आपल्या बौद्ध मोहल्ल्यातून निघताना येणाऱ्याजाणाऱ्याला जयभीम घाली, आणि नाल्यावरचा पूल ओलांडला की तोंडातला शब्द बदलून घेई. सुरुवातीला जीभ अडखळायची. परक्या दारात उभा राहून आधी खाकरायचा, मनातल्या मनात एकदा रामराम म्हणून पाहायचा, आणि मगच हाक मारायचा. लोकांना वाटे, मोठा अदबीचा माणूस आहे.

चिचटोल्याची रुखमाबाई त्याला पहिल्यांदा भेटली ती तिच्या थोरल्या पोराच्या लग्नात. चिचटोला म्हणजे नदीच्या अंगाला, धानाच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत वसलेलं गाव, आणि रुखमाबाईचं घर तिथलं खातंपितं. नवरा ऐन उमेदीत वारला. दोन पोरं बाईनं एकटीनं वाढवली. थोरला श्रावण शिकून ऊर्जानगरला वीज केंद्रात लागला, धाकटा इसरू घरची शेती पाहायचा. तर श्रावणच्या लग्नाच्या दिवशी मांडवात ही लगबग, बँडवाले येऊन बसलेले, आणि नवरदेवाची आई मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, एकटी, खांबाला टेकून बसलेली. का, तर विधवा. शुभकार्यात विधवेनं पुढं यायचं नाही. पोटच्या पोराचं लग्न अन् आईनं भिंतीआडून पाहायचं, काय एकेक शहाणपण आहे आपलं!

लटारू टोपली घेऊन मागच्या दारानं आला तेव्हा सपरीत ती एकटीच होती. तिनं टोपली मांडीवर घेतली, ओलं पोतं बाजूला सारलं आणि तोंड आत घालून मोगऱ्याचा वास घेतला. इतका वेळ घेतला, की लटारूला वाटलं बाईला चक्कर आली. मग तिनं मान वर केली, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडंतिकडं बघितलं, आणि चोरून चिंचा खाल्लेल्या पोरीसारखी हसली. लटारूलाही हसू आलं. त्या दिवशी तो रामराम म्हणायचाच विसरला, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

तेव्हापासून चिचटोल्याकडची फेरी निघाली, की लटारू वाट वाकडी करून तिच्याकडं जाऊ लागला. दुकानात उरलेली मोगऱ्याची दोनचार फुलं पळसाच्या पानात बांधून न्यायचा. ती पदराखाली घ्यायची, हुंगायची, आणि तो निघाला की परत द्यायची. घरात ठेवायची सोय नव्हती. सून सीता वाईट नव्हती हो, पण विधवा सासूच्या उशाशी मोगरा दरवळतो म्हटल्यावर गाव काय गप्प बसणार होतं? आपलीच मोरी अन् आंघोळीची चोरी, तशी गत. पुरुषभर उंचीच्या कोठ्या धानानं भरणारी ती बाई, एका कळीसाठी पदर आडवा धरायची.

पाणी ती न मागता आणायची. लटारू ओंजळ पुढं करी, हाताला सायकलीचं तेल लागलं आहे म्हणे, आणि वरूनच धार घेई. लोट्याला तोंड लावायची त्याची छाती झाली नाही. या बाईला आपण फसवून राहिलो, हे त्याला सारखं टोचायचं. एकदा तिनं सहज विचारलं होतं, भाऊ तुझं आडनाव काय. तो म्हणाला, मी वामनरावच्या दुकानाचा. तिनं त्याच्याकडं जरा निरखून पाहिलं आणि पुन्हा तो विषय कधी काढला नाही. तिला कळलं होतं की नव्हतं, हे आता कुणाला विचारणार?

मग एका हिवाळ्यात बाईनं अंथरूण धरलं. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. श्रावणनं ऊर्जानगरच्या दवाखान्यात नेऊन आणलं, गोळ्या आणल्या. अंगावरचं मांस काही परत आलं नाही. लटारू गेला तेव्हा ती सपरीतल्या खाटेवर पडून होती. त्यानं पान पुढं केलं. तिनं ते छातीवर ठेवलं, आणि त्याला जवळ बसायला सांगून हळू आवाजात बोलली.

"लटारूभाऊ, नवरा गेला तवापासून फूल डोक्यात नाई का गळ्यात नाई. मेल्यावर तं घालतीन ना? मेलेल्या बाईले कोनी नाई म्हनत नाई. तो हार तू आनजो. मोगऱ्याचा आनजो. अन् शिळा नोको, त्याच दिवशीचा पायजे."

लटारूनं ते हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. पण ती हसत नव्हती, उत्तराची वाट पाहत होती. शेवटी त्यानं आणतो म्हणून शब्द दिला. घरी येऊन बायनाला सांगितलं, तर ती हातातला दोरा टाकून त्याच्यावरच उखडली. बाईनं मागून मागितलं काय तर मेल्यावरचं फूल, आणि हा बावळट हो म्हणून आला! पण रागावता रागावता तिनंच डोळ्याला पदर लावला. रुखमाबाईला तिनं कधी पाहिलंही नव्हतं.

रुखमाबाई गेली ती पंच्याऐंशीच्या वैशाखात, पुनवेच्या पहाटे.

वैशाखी पुनव म्हणजे मोहल्ल्यात बुद्धजयंती. विहाराला चुना लागला होता, पताका बांधल्या होत्या, माणसं धुतलेले पांढरे कपडे घालून हिंडत होती आणि जो भेटेल तो दुसऱ्याला हात जोडून जयभीम घालत होता. बायनानं दुकानाचं काम पहिली एस.टी. आल्या आल्याच उरकलं होतं, कारण त्या दिवशी कुणीतरी मंत्री सावलीवरून जायचा होता, आणि वामनरावाची सगळी टोपली त्याच्या गळ्यात पडायची होती. मग ती घरी येऊन विहाराच्या हाराला बसली. विहाराच्या अंगणातल्या दोन झाडांचा मोगरा, आणि बायाबायांनी आपापल्या परसातून आणून दिलेली कळी न् कळी तिच्या पुढ्यातल्या सुपात होती.

लटारू दुकानात होता. चिचटोल्याचा एक माणूस सायकलीवरून कफनाचं कापड न्यायला आला आणि त्यानंच बातमी दिली. ऊर्जानगरला श्रावणला निरोप गेला आहे, तो दुपारच्या गाडीनं उतरेल, तो आला की लगेच उचलतील. वैशाखातलं मढं ठेवायचं किती वेळ? इसरूनं एक हार सांगितला होता. वामनरावानं रिकामी टोपली उलटी करून दाखवली. आज मंत्री आहे म्हणाला, आज हार नाही. तिकडंच कुणाच्या कुंपणावरची दोन फुलं तोडून घाला.

लटारूनं सायकल उचलली आणि मोहल्ल्यात आला. वाटेत जो तो त्याला हात जोडत होता, तोही जोडत होता, पण लक्ष कुठं होतं त्याचं! बायनासमोर येऊन तो नुसता उभा राहिला. रुखमाबाई गेली, एवढंच सांगितलं. सुपातल्या मोगऱ्याकडं त्याची नजर गेली आणि त्यानं ती लगेच वळवली, कारण मागायचं तरी कुठल्या तोंडानं? ती फुलं त्याची नव्हती, बायनाचीही नव्हती. ती आख्ख्या मोहल्ल्याची होती.

बायनानं त्याच्याकडं पाहिलं. हार निम्म्याच्या वर झाला होता. तिनं बोटं थांबवली नाहीत, उलट जास्तच भरभर चालवली. शेजारच्या बाया कुजबुजल्या, हे बरं नव्हे म्हणाल्या, खुशाल गुरुजींना तरी विचार म्हणाल्या. खुशाल गुरुजी शाळेत मास्तर, विहाराचं सगळं तेच पाहायचे. बायनानं कुणाला विचारलं नाही. गाठ मारली, हार पोत्यात गुंडाळला, त्यावर पाणी शिंपडलं आणि लटारूच्या हातात दिला.

"बुद्धाले संध्याकाळी फूल कमी पडलं तं तो रुसत नाई," ती म्हणाली. "त्या बाईले उद्या फूल नेऊन काय करशीन?"

वैशाखातली दुपार, तीही चांद्याकडची. डांबरी सुटली आणि कच्ची गाडीवाट लागली, तिथं फुफाट्यात चाक रुतायला लागलं. साखळी दोनदा उतरली. प्यायला घेतलेलं पाणी लटारूनं स्वतः प्यायलं नाही, थांबून थांबून पोत्यावर ओतलं. अंगाची लाही होत होती, आणि डोक्यात एकच घोर होता, की आपण पोचायच्या आधी त्यांनी उचलू नये. लांबून कुठं धूर दिसला, की तो आणखी जोरानं पायडल मारायचा. पाहावं तर कुणी बांधीतलं धसकट जाळत असायचं.

पोचला तेव्हा रुखमाबाई अंगणातच होती. श्रावण नुकताच उतरला होता, आईच्या पायाशी डोकं टेकून बसला होता. तिरडी बांधून होत आली होती, बांबूच्या कमच्या इकडंतिकडं पडल्या होत्या, बाया रडत होत्या. लटारूनं सायकल कुंपणाला लावली आणि तिचे पाय दिसले तेव्हा कुठं त्याच्या जीवात जीव आला. त्यानं पोतं सोडलं. मोगरा एवढं ऊन खाऊनही टवटवीत होता, आणि त्याचा वास अंगणभर झाला. रडणाऱ्या बायांनीसुद्धा वळून पाहिलं.

रोजच्या रीतीनं त्यानं हार घरच्या माणसाच्या हाती द्यायला हवा होता. तो इसरूकडं वळलाही. पण इसरूचे दोन्ही हात दोरखंडात गुंतले होते. तो म्हणाला, "घाल तूच. तुह्यावर जीव होता तिचा."

लटारू पुढं झाला, वाकला, आणि हार तिच्या गळ्यात घातला. कळ्या हनुवटीला टेकल्या. इतक्या वर्षांनी बाईच्या अंगावर फूल आलं होतं. आणला बाई, आजचाच आणला, असं तो मनात म्हणाला. खरं सांगायचं तर त्याला त्या घडीला बरं वाटलं. दिलेला शब्द पुरा झाला होता. आणि मग भडभडून आलं, डोळे वाहायला लागले, आणि पुढं जे झालं ते त्यानं केलं नाही, ते त्याच्या हातांनी आणि तोंडानं आपलं आपण केलं. त्याच्या मोहल्ल्यात कुणी गेलं, की माणसं एकेक करून पुढं येतात, फूल वाहतात, हात जोडतात आणि शेवटचा नमस्कार घालतात. आई गेली तेव्हा त्यानं तो घातला होता, बाप गेला तेव्हा घातला होता. आपल्या माणसाला दुसरा कुठला नमस्कार त्याला ठाऊकच नव्हता.

"रुखमाबाई," तो हात जोडून म्हणाला, "अखेरचा जयभीम."

मोठ्यानं नव्हता म्हणाला. पण अंगणातलं रडणं एकदम थांबलं. तिरडीशी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, काय म्हणाला तो? मागून कुणीतरी जातीचं जुनं नाव घेतलं, थुंकल्यासारखं. लटारू अजून हात जोडूनच उभा होता. आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

इसरूनं हातातला दोर टाकला. खाली पडलेली बांबूची कमची उचलली, आणि तिच्या टोकानं आईच्या गळ्यातला हार उचलायला लागला. हातानं नाही, कमचीनं. हार तिच्या केसांत अडकला. इसरूनं हिसका दिला, तशी रुखमाबाईची मान एका अंगाला कलली. ती सरळ करायला लटारूचा हात आपोआप पुढं गेला.

"हात लावू नोको," इसरू म्हणाला.

लटारूनं श्रावणकडं पाहिलं. श्रावण शिकलेला. ऊर्जानगरला बौद्ध सोबत्यांच्या डब्यात डबा घालून जेवणारा. आणि बोहल्यावर उभा राहिला तेव्हा त्याच्या गळ्यातला हार याच सायकलीवरून आलेला. तो उठेल, काहीतरी बोलेल, असं लटारूला वाटलं. श्रावण उठला नाही. मातीकडं पाहत, अगदी मऊ आवाजात म्हणाला, "भाऊ, तू जाय आता." शिकलेल्यांचं हे असंच असतं. हात उचलत नाहीत ते कुणावर, आणि डोळेही उचलत नाहीत.

लटारूला कुणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं, असं त्याला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं. तो सायकल घेऊन निघाला, पण गावाबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली येऊन त्याचे पाय पुढं पडेनात. तिथून अंगण दिसत होतं. रुखमाबाईला पुन्हा आंघोळ घातली. पाणी आणायला माणसं विहिरीवर पळत होती. कुणीतरी फुलं पाहा म्हणून एका पोरीला धाडलं, ती रिकाम्या हातानं परत आली. त्या उन्हात कुंपणावर फूल कुठलं राहणार? उशीर झाला होता. मग तशीच उचलली. पांढऱ्या कापडात बांधलेली रुखमाबाई त्याच्या डोळ्यांदेखत नदीकडं गेली, आणि तिच्या अंगावर एक पाकळीसुद्धा नव्हती.

हार उकिरड्यावर पडला होता. शेळ्या आल्या, त्यांनी मोगरा खाल्ला.

संध्याकाळी मोहल्ल्यात वंदना झाली तेव्हा बुद्धाच्या मूर्तीपुढं कण्हेरीची चार फुलं होती. लटारू घरामागं बसून राहिला. कुणी विचारलं तरी काही सांगेना. सांगायची गरजही नव्हती म्हणा. बातमीला सायकल लागत नाही, ती दुसऱ्या दिवशी उजाडताच सावलीत हजर. वामनरावानं कपाळावर हात मारून घेतला. मला काय मालूम, मला तर फसवलं हो या माणसानं, असं तो जो भेटेल त्याला सांगायला लागला; आणि इतकी वर्षं ज्यांना सगळं ठाऊक होतं, त्यांनीही माना डोलावल्या, काय जमाना आला म्हणाले. त्यानं नांदेतलं पाणी रस्त्यावर ओतलं, नांद घासली, वर कुणाकडून तरी गंगाजळाची कुपी आणून शिंपडली. ज्या नांदेत रोज पहाटे बायनाच पाणी भरत होती, ती नांद! दोघांनाही त्यानं येऊ नका म्हणून सांगितलं. ते अर्थात गेलेच नव्हते.

तिकडून हाकललं, तर इकडं आपलीच माणसं वाट पाहत होती. खुशाल गुरुजी दारात आले. माणूस वाईट नव्हता, सच्चा होता. पण सच्चा माणूस कधीकधी फार लागेल असं बोलतो. विहाराची फुलं परस्पर दिलीस त्याचं एक वेळ राहू दे, म्हणाले, पण हे काय केलंस? "इतकी वर्षं जित्यायच्या दारात रामराम घालत फिरला, लटारू. अन् जयभीम काढला तो मढ्यासमोर." लटारू खाली मान घालून ऐकत राहिला. बायना आतून ओरडली, की गुरुजी, रामराम घालत होता म्हणून चूल पेटत होती, तेव्हा कोणी विचारायला आलं नव्हतं. गुरुजी तसेच माघारी गेले.

लटारू मग जंगल डेपोवर बांबूच्या गाड्या भरायला जाऊ लागला. खांदे सोलवटून यायचा, जेवायचा, निजायचा. बोलणं जवळजवळ बंदच झालं. वाटेत कुणी जयभीम म्हटलं, तर हात जोडायचा, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. रामराम तर सुटलाच होता. बायनाला आधी वाटलं, अपमान झाला म्हणून झुरतो आहे, होईल बरा. आषाढ लागला तरी बरा होईना. एक दिवस पावसानं डेपोचं काम बंद होतं, आणि तो सकाळपासून उंबऱ्यात बसून बाहेरच्या चिखलाकडं पाहत होता, तेव्हा तिला राहवलं नाही. ती येऊन त्याच्याजवळ बसली. त्या लोकांसाठी कशाला जीव जाळतोस म्हणाली. आणि मग, इतके दिवस मनात धरून ठेवलेलं बोलली.

"हार काढला त्यायनं. तुहा जयभीम काढता आला का तिच्या आंगावरून? तो तं घेऊनच गेली ना ती?"

लटारूनं तिच्याकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्यानं तिच्याकडं धड पाहिलं होतं. तिला वाटलं, लागलं आपलं बोलणं, आता हा रडेल आणि मोकळा होईल. पण तो रडला नाही.

"तिनं मले जयभीम नोव्हता मांगितला, बायना," तो म्हणाला. "फूल मांगितलं होतं."